कोणत्या दिवशीची विक्रांत? युद्धनौकेच्या प्रतिकृतीसाठी संदर्भ कसे शोधावेत

युद्धनौकेची प्रतिकृती करायला घेणारे बहुतेक जण आधी जहाज ठरवतात, मग स्केल (मूळ जहाजाच्या किती पट लहान करायचे ते प्रमाण) ठरवतात, आणि किट किंवा आराखडा हाती आला की थेट कामाला लागतात. ऐतिहासिक अचूकता हवी असेल, तर त्याआधी आणखी एक गोष्ट ठरवावी लागते, आणि ती राहून गेली की पुढे जमवलेले संदर्भ एकमेकांशी मेळ खात नाहीत. ती गोष्ट म्हणजे तारीख. जहाज तीस-चाळीस वर्षे सेवेत असते आणि त्या काळात त्याच्या तोफा, रडार, डोलकाठ्या, रंग, इतकेच काय डेकचा आकारही बदलत असतो. त्यामुळे ‘विक्रांतची प्रतिकृती’ हे अपुरे वाक्य आहे. कोणत्या वर्षातली, शक्य असल्यास कोणत्या महिन्यातली विक्रांत, हे कागदावर लिहूनच शोधाला सुरुवात करावी.

भारताच्या पहिल्या विमानवाहू जहाजाचे, विक्रांतचेच उदाहरण पुढे घेऊन चालतो, कारण एका जहाजाच्या आयुष्यात किती जहाजे दडलेली असतात हे तिच्याइतके स्पष्ट क्वचितच दिसते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलासाठी ‘हर्क्युलिस’ या नावाने तिचा सांगाडा घातला गेला आणि १९४५ साली ती पाण्यात उतरली, पण युद्ध संपल्यामुळे काम अर्धवट थांबले. १९५७ साली भारताने ती विकत घेतली, बेलफास्टच्या हारलँड अँड वुल्फ गोदीत तिचे काम पूर्ण झाले, ४ मार्च १९६१ रोजी ती भारतीय नौदलात दाखल झाली आणि त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला मुंबईत पोहोचली. १९७९ ते १९८२ या काळात तिची मोठी डागडुजी झाली. १९८३ साली सी हॅरिअर विमाने भारतात आली. आणि त्या दशकाच्या उत्तरार्धात तिच्या नाळेकडच्या, म्हणजे पुढच्या टोकाला विमानांना उसळी देणारा चढ, म्हणजे स्की-जंप, बसवला गेला. १९९७ साली ती निवृत्त झाली, २००१ पासून २०१२ पर्यंत मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती आणि २०१४-१५ मध्ये मुंबईतल्या दारूखाना या जहाजतोडणीच्या ठिकाणी तोडली गेली.

समजा, तारीख ठरली ४ डिसेंबर १९७१. त्या दिवशी तिच्या डेकवरून उडालेल्या सी हॉक विमानांनी कॉक्स बझार आणि चितगाववर हल्ले केले. तारीख ठरताच बरेच प्रश्न आपोआप सुटतात. डेक पुढच्या टोकापर्यंत सपाट हवा, स्की-जंप नको. पुढच्या बाजूस विमान फेकणाऱ्या वाफेच्या कॅटपल्टचा मार्ग दिसला पाहिजे. डेकवर सी हॉक आणि अलिझे विमाने आणि चेतक हेलिकॉप्टर हवीत. सी हॅरिअर एकही नको. मागच्या काठीवरचे निशाण १९५० ते २००१ या काळातले हवे, म्हणजे पांढऱ्या कापडावर तांबडा क्रॉस आणि वरच्या कोपऱ्यात तिरंगा. क्रॉसच्या मध्यावर अशोकस्तंभाची सिंहमुद्रा असलेले निशाण २००४ सालानंतरचे, आणि शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतलेल्या अष्टकोनाचे निशाण २०२२ चे. निशाणाचे डिकॅल, म्हणजे चिकटवायचे छापील चित्र, जेमतेम नखाएवढे असते, म्हणून त्याकडे कुणी फारसे लक्ष देत नाही. पण जाणकार प्रेक्षकाची नजर सर्वांत आधी तिथेच जाते.

छायाचित्रे: आधी वय ठरवा, मग विश्वास ठेवा

संदर्भांमध्ये सर्वांत वजनदार पुरावा तारीख माहीत असलेल्या छायाचित्राचा. अडचण अशी की छायाचित्राखालची ओळ आणि छायाचित्र यांचा एकमेकांशी संबंध असेलच असे नाही. १९७१ च्या युद्धावरील लेखासोबत स्की-जंप असलेली विक्रांत छापलेली सर्रास आढळते. त्यात २०२२ साली कोचीला दाखल झालेल्या नव्या विक्रांतचाही क्रमांक ‘आर ११’ हाच असल्यामुळे, इंटरनेटवर नुसते नाव आणि क्रमांक टाकून शोधले तर दोन वेगळी जहाजे एकाच ढिगात येतात. म्हणून ओळीवर न जाता चित्रातल्याच खुणांवरून त्याचे वय ठरवण्याची सवय लावावी. स्की-जंप दिसला तर चित्र १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धानंतरचे. सी हॅरिअर दिसले तर १९८३ च्या अखेरीनंतरचे. डेकवर फक्त सी हॉक आणि अलिझे असतील तर त्याआधीचे. सगळी विमाने डेकवरून नाहीशी झालेली असतील, धक्क्याला लागलेल्या जहाजावर साध्या कपड्यांतले पर्यटक हिंडत असतील, तर ते संग्रहालयाच्या काळातले.

मुंबईकर मॉडेलकारांपैकी अनेकांकडे या शेवटच्या प्रकारातली, स्वतः काढलेली छायाचित्रे आहेत, आणि ती आपल्या हातची असल्यामुळे त्यांच्यावर जरा जास्तच भरवसा बसतो. त्यांचा उपयोग आहे, पण मर्यादित. पाण्यावरच्या कण्याचा (कणा म्हणजे इथे डेकखालचे जहाजाचे मुख्य अंग, हल) आकार, नांगराची जागा, पोलादी पत्र्यांचे सांधे, बाजूच्या गॅलऱ्यांच्या खालचे आधार, दोरखंड बांधायचे खुंट, या गोष्टी चाळीस वर्षांत फारशा हलत नाहीत; त्या तिथून बिनधास्त घ्याव्यात. डेकवरच्या खुणा, तोफा, रडार आणि आयलंडवरची (डेकच्या एका कडेला उभ्या मनोऱ्यासारख्या इमल्यावरची) यंत्रसामग्री मात्र त्या छायाचित्रांवरून १९७१ च्या प्रतिकृतीत आणू नये. एकाच छायाचित्रातला अर्धा भाग स्वीकारायचा आणि अर्धा नाकारायचा, हे सुरुवातीला अवघड वाटते. पण या छंदातले खरे कसब तेच आहे.

चलचित्रांकडे बरेच जण दुर्लक्ष करतात. विक्रांतच्या डेकवरून सी हॉक उडतानाची त्या काळातली दृश्ये उपलब्ध आहेत. ती एकेक चौकट थांबवून पाहिली, तर स्थिर छायाचित्रात न सापडणाऱ्या गोष्टी दिसतात: विमानाला कॅटपल्टशी जोडणारा दोर कसा लावला आहे, डेकवरची माणसे कोणत्या रंगाचे जॅकेट घालून कुठे उभी आहेत, पंख मिटलेली विमाने कोणत्या रांगेत लावली आहेत. कॅमेरा हलत असल्यामुळे एकच वस्तू दोन-तीन कोनांतून दिसते, हा त्याचा मोठा फायदा. एवढे मात्र तपासावे की संकलकाने वेगवेगळ्या वर्षांची दृश्ये एकत्र जोडलेली नाहीत. आणखी एक साधी तपासणी: बहुतेक सर्व विमानवाहू जहाजांचे, विक्रांतचेही, आयलंड जहाजाच्या पुढच्या दिशेला तोंड केले असता उजव्या बाजूला असते. ते जहाजाच्या डाव्या बाजूला दिसले, तर चित्र छापताना उलटे झालेले आहे.

आराखडे आणि बहिणी

आराखडा मिळाला की काम फत्ते, असा समज असतो. आराखडा म्हणजे जहाज कसे बांधायचे ठरले होते याचा पुरावा. ते प्रत्यक्षात कसे बांधले गेले याचा पुरावा वेगळा. काम पूर्ण झाल्यावर, जहाज जसे तयार झाले तसे दाखवणारे आराखडे गोदीत वेगळे काढले जात, आणि मिळाल्यास तेच घ्यावेत. लंडनमधील ग्रीनिचच्या नॅशनल मॅरिटाइम म्युझियमकडे ब्रिटिश जहाजांच्या आराखड्यांचा प्रचंड संग्रह आहे आणि त्यांच्या प्रती पैसे भरून मागवता येतात. विक्रांतच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. ती ज्या मॅजेस्टिक वर्गातली, त्या वर्गाची मूळ रचना १९४२ सालची, सरळ डेकची. तिरका डेक (विमाने उतरण्यासाठी जहाजाच्या मधल्या रेषेला तिरपा आखलेला डेकचा भाग) आणि वाफेचा कॅटपल्ट या पुढच्या काळातल्या गोष्टी असून त्या बेलफास्टला काम पूर्ण होताना आल्या. त्यामुळे युद्धकालीन आराखड्यावरून पाण्याखालचा आणि पाण्यालगतचा कणा घ्यावा, पण डेकची रूपरेषा घेऊ नये.

त्याच वर्गातल्या बहिणींचा, म्हणजे एकाच मूळ रचनेवरून बांधलेल्या जहाजांचाही मोह टाळलेला बरा. मॅजेस्टिक वर्गाची सहा जहाजे योजली होती. त्यांतले ‘मॅजेस्टिक’ ऑस्ट्रेलियाचे ‘मेलबर्न’ झाले, ‘टेरिबल’ त्याच देशाचे ‘सिडनी’ झाले, ‘पॉवरफुल’ कॅनडाचे ‘बोनाव्हेंचर’ झाले, ‘मॅग्निफिसंट’ काही वर्षे कॅनडाकडे होते, ‘हर्क्युलिस’ आपल्याकडे आले आणि ‘लेव्हिएथन’ कधी पूर्णच झाले नाही. कण्याच्या बाबतीत ही सख्खी भावंडे. पण प्रत्येकीचे काम वेगळ्या वर्षी आणि वेगळ्या नौदलाच्या गरजेनुसार पूर्ण झाले, आणि तोफा व रडारही निरनिराळे बसवले गेले. मेलबर्न किंवा बोनाव्हेंचरचे किट घेऊन त्यावर ‘आर ११’ चिकटवले की विक्रांत होत नाही. त्या किटचा कणा वापरून वरचे सगळे नव्याने करायची तयारी असेल, तर मात्र तो उत्तम पाया आहे.

मापे आणि स्केल

संदर्भग्रंथांतले आकडे कशाचे आहेत ते नीट वाचावे. विक्रांतची एकूण लांबी ७०० फूट, पण जहाजबांधणीच्या हिशेबात नाळेच्या आणि सुकाणूच्या लंबरेषांमधली लांबी वेगळी धरतात, आणि ती या वर्गात ६३० फूट आहे. एखाद्या कोष्टकात नुसतेच ‘लांबी ६३०’ छापलेले असते. ते एकूण लांबी समजून १/३५० स्केलमध्ये प्रतिकृती कापली, तर ती सुमारे सहा सेंटिमीटरने आखूड होईल. रुंदीचेही तसेच. कण्याची रुंदी ८० फूट, तर तिरक्या डेकसकट एकूण रुंदी १२८ फूट. १/७०० मध्ये पहिली साधारण ३५ मिलिमीटर आणि दुसरी ५६ मिलिमीटर भरते.

योगायोगाने ७०० फुटांचे जहाज १/७०० स्केलमध्ये बरोबर एक फुटाचे होते, त्यामुळे पट्टी ठेवून तपासणे सोपे जाते. या स्केलमध्ये एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या जहाजावरचे सत्तर सेंटिमीटर आणि उभा खलाशी जेमतेम अडीच मिलिमीटरचा. म्हणून किती बारीक संशोधन करायचे याचीही मर्यादा स्केलच ठरवते. कठड्याच्या उभ्या सळया किती अंतरावर होत्या, हे १/३५० मध्ये विचारण्यासारखे आहे. १/७०० मध्ये त्यावर आठवडे घालवण्यात अर्थ नाही, कारण त्या सळईची खरी जाडी त्या स्केलमध्ये डोळ्यांना दिसणारच नाही. माझ्या मते संशोधनाचा सर्वाधिक वेळ रूपरेषेवर खर्च करावा: आयलंडची उंची, धुराड्याचा कल, डेकच्या कडेची वळणे. चार फुटांवरून पाहणाऱ्याला जहाज ओळखू येते ते यांवरून.

आराखडाच नसेल, तर छायाचित्रावरून मापे काढता येतात. त्यासाठी चित्रात ज्ञात मापाची एखादी वस्तू शोधावी. सी हॉकच्या पंखांचा विस्तार ३९ फूट आहे. पंख उघडलेले सी हॉक आणि मोजायची वस्तू कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर असतील, तर त्यांच्या प्रमाणावरून माप निघते. दोन्हींत अंतराचा फरक असेल तर हिशेब चुकतो, म्हणून एका चित्रावर कधीच थांबू नये. डेकवरील खुणांसाठी हेलिकॉप्टरमधून किंवा विमानातून सरळ वरून घेतलेले छायाचित्र सापडले, तर ते सोन्याच्या मोलाचे.

रंग

रंगाच्या बाबतीत मॉडेलकारांमध्ये जितके वाद होतात तितके दुसऱ्या कशावरून होत नसावेत. कृष्णधवल चित्रावरून रंग ठरवणे धोक्याचे, आणि चित्र जितके जुने तितका धोका जास्त. पूर्वीची ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म तांबड्या रंगाला जवळपास काळा आणि निळ्याला फिका दाखवत असे. पहिल्या महायुद्धातल्या जहाजांचे रंग ठरवताना यामुळे अनेकांची फसगत झाली आहे. १९७१ च्या काळातली रंगीत छायाचित्रे उपलब्ध आहेत, पण त्यांचे जुने प्रिंट उडून लालसर किंवा पिवळट झालेले असतात, आणि तो पिवळेपणा राखाडी रंगात मिसळला की जहाज भलत्याच छटेचे दिसू लागते.

यावर एक उपाय चांगला चालतो. त्याच चित्रात ज्याचा रंग आपल्याला स्वतंत्रपणे माहीत आहे अशी वस्तू शोधायची आणि तिच्याशी तुलना करायची. खलाशांचा पांढरा गणवेश, तिरंग्यातला केशरी पट्टा, आणि मुख्य म्हणजे विमाने. ब्रिटनहून आलेल्या सी हॉकचा वरचा भाग ‘एक्स्ट्रा डार्क सी ग्रे’ आणि खालचा भाग ‘स्काय’ या फिकट हिरवट छटेचा असे, आणि या दोन्ही रंगांना ब्रिटिश मानकात ठरलेले क्रमांक आहेत: ६४० आणि २१०. चित्रातला सी हॉक जर निळसर दिसत असेल, तर संपूर्ण चित्रच निळ्याकडे झुकलेले आहे, आणि जहाजाची छटा त्या प्रमाणात दुरुस्त करून वाचावी. समुद्रात महिनोन्‌महिने असलेल्या जहाजाचा रंग उन्हाने आणि खाऱ्या वाऱ्याने फिका पडतो हे खरे. तरीही गंजाचे ओघळ काढण्याची हौस आवरावी. युद्धनौकेवर रंगकाम हा रोजचा उद्योग असतो.

विमाने प्रत्यक्ष पाहायची असतील, तर गोव्यात वास्कोजवळ बोगमाळो रस्त्यावरचे नौदल हवाई संग्रहालय गाठावे. तिथे सी हॉक आणि अलिझे उघड्यावर ठेवलेली आहेत आणि त्यांच्याभोवती फिरून सगळ्या बाजूंनी छायाचित्रे घेता येतात. तिथल्या विमानांचे रंग प्रदर्शनासाठी नव्याने दिलेले असू शकतात, त्यामुळे रंगापेक्षा आकार आणि जोडणीचे तपशील टिपावेत. भारताने ब्रिटनकडून घेतलेल्या सी हॉकखेरीज जर्मन नौदलाने वापरलेलीही विकत घेतली होती, आणि त्या जर्मन विमानांची शेपटीची उभी पाती उंच होती. त्यामुळे डेकवरची सगळी सी हॉक एका साच्यातून काढण्याआधी ही बाब तपासावी.

माणसे

जहाजावर नोकरी केलेल्या माणसांची आठवण हा मोठा ठेवा आहे, आणि कोकणात व मुंबईत असे निवृत्त नौसैनिक शोधायला फार लांब जावे लागत नाही. प्रश्न कसा विचारावा हे मात्र शिकून घ्यावे. “काका, इथे दोन नळ्यांचीच तोफ होती ना?” असे विचारले, तर ते बहुधा हो म्हणतील, कारण समोरच्याचा उत्साह मोडावासा कुणाला वाटत नाही. त्याऐवजी तारखेची खात्री असलेले छायाचित्र पुढे ठेवून “तुमची ड्यूटी कुठे असायची, ते यात दाखवता का?” असे विचारावे. माणसाला वर्ष आठवत नाही. पण ज्या जागी तो रोज उभा राहिला, तिथला दरवाजा कोणत्या बाजूला उघडायचा हे तो डोळे मिटून सांगतो. अशा माहितीला कागदाचा आधार मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर ती आठवण म्हणूनच नोंदवावी. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांनी १९७८ साली मुंबईत स्थापन केलेली मॅरिटाइम हिस्टरी सोसायटी याच विषयाला वाहिलेली आहे. तिच्या कामाची ओळख करून घ्यावी.

संदर्भ भांडतात तेव्हा

विक्रांतवर ४० मिलिमीटरच्या बोफोर्स तोफा किती होत्या? कुठे १६ हा आकडा मिळतो, कुठे १५, आणि नंतरच्या काळासाठी ८. अशा वेळी सरासरी काढू नये आणि जास्त जाड ग्रंथाची बाजूही घेऊ नये. ठरवलेल्या तारखेच्या जवळची छायाचित्रे घेऊन जहाजाच्या कडेने एकेक तोफमंच क्रमाने मोजावा: डावी बाजू नाळेकडून मागे, मग उजवी बाजू. जो मंच कोणत्याच चित्रात दिसत नाही, तेवढाच शंकेचा उरतो, आणि सोळा तोफांचा वाद एका तोफेवर येतो.

यासाठी एक वही ठेवावी. प्रत्येक तपशिलापुढे तो कुठून घेतला, त्या संदर्भाची तारीख कोणती, आणि ‘नक्की’, ‘बहुधा’, ‘अंदाज’ यांपैकी काय, हे लिहावे. सहा महिन्यांनी आयलंडवर एखादी शिडी कशाच्या आधारावर लावली हे आठवत नाही, वहीत सापडते.

जिथे आराखडा नाही आणि छायाचित्रही नाही, तिथे ही वही अधिकच महत्त्वाची ठरते. मराठा आरमाराच्या गुराबा आणि गलबते यांचे बांधणीचे आराखडे आपल्याकडे उरलेले नाहीत. युरोपीय दर्यावर्दींनी काढलेली चित्रे, त्यांची वर्णने आणि कोकणात चालत आलेली लाकडी जहाजबांधणीची परंपरा यांवरून रचना जुळवावी लागते. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर कोरलेले जहाजांचे युद्ध काही जण पुरावा म्हणून वापरतात. ते आंग्र्यांच्या कितीतरी शतके आधीचे आहेत आणि शिल्पकाराने जहाज दगडाच्या चौकटीत बसवलेले आहे, हे विसरू नये. अशी गुराब जरूर करावी, पण तिच्या वहीत ‘अंदाज’ हा शब्द वारंवार येणार, हे मान्य करूनच. तुलनेने मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेली आणि १८१७ साली पाण्यात उतरलेली ‘ट्रिंकोमाली’ सुदैवी; ती आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूलला पाण्यावर उभी आहे. तिथेही तारखेचा प्रश्न सुटत नाही, कारण १८४० च्या दशकात तिची पिछाडी नव्याने घडवून तोफाही बदलल्या होत्या.

प्रतिकृती पूर्ण झाल्यावर नवे छायाचित्र सापडण्याची शक्यता नेहमीच असते, आणि जोडणीचा क्रम तिचा विचार करून ठरवावा. वहीत ‘नक्की’ लिहिलेले भाग आधी पक्क्या चिकटद्रव्याने बसवावेत. ‘बहुधा’ आणि ‘अंदाज’ या शेऱ्यांचे भाग, विमाने, डेकवरच्या लहान गाड्या, रडारच्या जाळ्या, शेवटी फेव्हिकॉलच्या बारीक ठिपक्यावर बसवावेत, म्हणजे उद्या पुरावा बदलला तर ते रंग न खरवडता अलगद काढता येतात. प्रदर्शनात जहाजाशेजारी जे कार्ड ठेवायचे त्यावर नाव आणि स्केल यांसोबत तारीख लिहावी आणि अंदाजाने केलेल्या भागांची नावेही खाली छोट्या अक्षरांत द्यावीत. त्या काळात त्या जहाजावर असलेला एखादा प्रेक्षक ते कार्ड वाचून दुरुस्ती सुचवू शकतो, आणि त्याचे म्हणणे लिहून घेण्यासाठी वही प्रदर्शनाला सोबत न्यावी.